परांजपे, सई

(१९ मार्च १९३८ – ). चित्रपट, दूरदर्शन आणि रंगभूमी या तिन्ही माध्यमांत ठसा उमटवणाऱ्या दिग्दर्शिका व लेखिका. जन्म लखनौ येथे. वडील रशियन चित्रकार. आई शकुंतला परांजपे संततिनियमनाच्या निर्भीड प्रचारक. आजोबा रँग्लर र. पु. परांजपे. आजोबा ऑस्ट्रेलियात उच्चायुक्त असताना सईंच्या बालपणाचा काही काळ तिथे गेला. ‘मुलांचा मेवा’ हे पहिले पुस्तक आठव्या वर्षी निघाले.

पुणे आकाशवाणीवर निवेदन, मग राष्ट्रीय नाट्य विद्यालयाची पदविका (१९६३) आणि त्यानंतर दिल्ली दूरदर्शन. मोजक्या साधनांत, थोड्या वेळात गोष्ट सांगण्याची शिस्त त्यांना तिथे लागली असावी. पुढे ‘अडोस पडोस’ व ‘छोटे बडे’ या मालिकाही त्यांनी केल्या.

‘स्पर्श’ (१९८०) हा त्यांचा सर्वांत कसदार चित्रपट. दिल्लीतील अंधशाळेतच त्याचे चित्रीकरण झाले. अंध मुख्याध्यापक डॉक्टरांचे घर शोधत निघतो आणि गाण्याचा आवाज ऐकून भलत्याच दारी पोचतो. प्रेमकथेची सुरुवात इथे होते, पण चित्रपट दयेचा सूर लावत नाही; ज्याला मदत नको आहे त्याच्या मानीपणाचीही तो चिकित्सा करतो. पटकथेसाठी सईंना आणि अभिनयासाठी नसीरुद्दीन शाह यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

‘चश्मे बद्दूर’मध्ये (१९८१) धुण्याची पावडर विकायला आलेली नायिका दारातल्या तरुणाचा मळका टॉवेल धुऊन दाखवते, आणि तो पावडर सोडून तिच्याकडेच बघत राहतो. एवढ्याशा प्रसंगावर प्रेमकथा उभी राहते. ‘कथा’चा (१९८३) आधार श. गो. साठे यांचे नाटक. त्यातली चाळ मात्र सईंच्या नजरेची, माणसांच्या खोडी जपणारी. त्यांच्या विनोदात कुणाचा पाणउतारा होत नाही, हे त्यांचे मोठेपण. ‘जास्वंदी’ व ‘सख्खे शेजारी’ ही त्यांची मराठी नाटके.

भारतीय बालचित्र समितीचे अध्यक्षपद त्यांनी भूषवले. २००६ मध्ये पद्मभूषण मिळाले. ‘सय’ हे त्यांचे आत्मकथन.

‘दिशा’ (१९९०) अजून दुर्लक्षित आहे. गावाकडून मुंबईच्या गिरणीत आलेले गडी एका गाळ्यात दाटीवाटीने राहतात. गावात एकाचा भाऊ लोकांचे टोमणे सोसत वर्षानुवर्षे विहीर खणतो आणि अखेर पाणी लागते. गाव सोडून पोटामागे शहरात गेलेल्यांच्या घरातल्या प्रत्येकाने हा चित्रपट आवर्जून पाहावा.