यंत्राला ऐकू न येणारे तेर

जमिनीत पुरलेला धातू शोधणारे यंत्र आता ऑनलाइन बाजारात सहज मिळते. काठीच्या टोकाला ताटलीएवढे तारेचे वेटोळे, वर एक डबी आणि कानाला हेडफोन. वेटोळ्यातून वीज खेळली की भोवती चुंबकीय क्षेत्र तयार होते. खाली धातू असला की त्यातही क्षीण प्रवाह उठतो आणि यंत्र आवाज देते. मग ते नाणे असो, खिळा असो, की सोड्याच्या बाटलीचे पत्र्याचे बूच. इंग्लंडात हा सुट्टीच्या दिवसाचा रीतसर छंद आहे. माणसे शेतमालकाची परवानगी काढतात आणि दिवसभर नांगरटीतून फिरतात. २००९ साली स्टॅफर्डशायरमध्ये एका छंदिष्टाला शेतात अँग्लो-सॅक्सन काळातील सोन्याचांदीचा मोठा साठा मिळाला. लहानमोठे साडेतीन हजारांहून अधिक तुकडे! त्यांची किंमत जवळपास ३३ लाख पौंड ठरली आणि शोधणारा व शेतमालक यांनी ती निम्मीनिम्मी वाटून घेतली.

अशी हकिगत ऐकली की आपल्याकडच्या तरुणांचे डोळे चमकतात. आपल्या मातीत काय कमी पुरलेले आहे, असे ते विचारतात. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर हवे असेल, तर धाराशिवपासून वीसेक किलोमीटरवर तेरणेकाठच्या तेर या गावी जावे.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमधल्या एका ग्रीकभाषी व्यापाऱ्याने समुद्रप्रवासाची माहिती लिहून ठेवली. ते पुस्तक ‘पेरिप्लस’ म्हणून ओळखले जाते. त्यात भडोचच्या दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांवर ‘तगर’ नावाचे फार मोठे शहर सांगितले आहे. तगरहून जाडेभरडे कापड आणि तऱ्हेतऱ्हेची मलमल गाड्यांतून, रस्ते नसलेल्या मुलखातून भडोचला जाई, असे तो लिहितो. पुढे कोकणातले आणि कोल्हापूरचे शिलाहार राजे स्वतःला ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवून घेत. एवढे मोठे शहर, पण ते कुठले, हे मात्र पंडितांना उलगडेना. कोणी देवगिरी म्हणे, कोणी जुन्नर, कोणी धारूर. अखेर १९०१ मध्ये फ्लीट या इंग्रज विद्वानाने तगर म्हणजेच तेर, असे दाखवून दिले. त्यानंतर कझिन्स येथे आले. स्वातंत्र्यानंतर पुरातत्त्वज्ञांनी रीतसर उत्खननेही केली.

पण तेरचा खरा शोध लावला तो गावातल्याच एका व्यापाऱ्याने. त्यांचे नाव रामलिंगप्पा लामतुरे. मराठवाड्यातली जुनी घरे माळवदाची. माळवद गळू नये म्हणून त्यावर पांढरी माती पसरायची, आणि ती आणायची गावाजवळच्या टेकाडावरून. ही पांढर म्हणजे शेकडो वर्षांच्या वस्तीची राख, चिखल आणि विटांचा चुरा. लोक माती खणत, तेव्हा टोपलीत मातीबरोबर मणी, बाहुल्या, शिंपले, नाणी येत. पावसाने टेकाड धुऊन निघाले की पोरांना रंगीत मणी सापडत. लामतुऱ्यांनी हे सारे जिवापाड जपून गोळा केले. त्यांच्या या संग्रहातूनच तेरचे शासकीय वस्तुसंग्रहालय उभे राहिले आणि त्याला त्यांचे नाव मिळाले.

या संग्रहालयात एकदा यंत्रवाल्याच्या नजरेने फिरून पाहावे. सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे हस्तिदंती स्त्रीमूर्ती. तिच्याशी नाते सांगणारी हस्तिदंती मूर्ती १९३८ मध्ये इटलीतल्या पाँपेई शहराच्या अवशेषांत मिळाली. ते शहर इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले होते. तेरणाकाठ आणि भूमध्य सागर यांना जोडणारा हा धागा. पण हस्तिदंतावरून यंत्र फिरवा, ते गप्प राहील. पांढऱ्याशुभ्र केओलिन मातीच्या बाहुल्या, शंखाच्या बांगड्या, काचेचे मणी, साऱ्यांपुढे गप्पच. रोमन नाण्यांवरच्या छापाची, गळ्यात अडकवायची पदके येथे मिळाली, तीही मातीची! त्रिविक्रमाचे देऊळ मुळात बौद्ध चैत्य, तेही विटांचे. आणि ज्या कापडाने तगरचे नाव परदेशी गेले, त्याचा तर धागाही उरलेला नाही. तेरचा मोठा वाटा यंत्राला ऐकूच येत नाही.

मी रविवारी कधीमधी दोघा मित्रांसह तेरला जातो. पहिले दोन-चार पाऊस झाले की टेकाडाच्या कडेने नुसते पाहत चालायचे. वाकून खापर पाहायचे, त्याचा काळा-तांबडा रंग न्याहाळायचा, आणि ते होते तिथेच राहू द्यायचे. एकदा बांधावरच्या शेतकऱ्याने हटकले,

“काय घावलं का, चाचा?”

“खापरं.”

“मंग मशीन आणा की! खापरानं का पोट भरतंय?”

मी म्हटले, “दादा, मशीन फक्त पैशाचा आवाज ओळखते.”

तो हसला. म्हणाला, “माणसं तरी दुसरं काय वळखत्यात?”

त्याच्या बोलण्यात खोच होती. आपल्याकडे हे यंत्र छंदासाठी कमी आणि गुप्तधनासाठी जास्त फिरते. पडक्या गढ्या, किल्ल्यांचे बुरूज, जुनी देवळे, दर्गे, कुठे रात्रीतून खड्डा पडेल याचा नेम नाही. या हव्यासापायी होणारे अघोरी प्रकार थांबवण्यासाठी महाराष्ट्राने २०१३ मध्ये जो जादूटोणाविरोधी कायदा केला, त्यात गुप्तधनाचा उल्लेख मुद्दाम करावा लागला. उर्दूत गुप्तधनाला ‘दफिना’ म्हणतात. दफन आणि दफिना एकाच धातूपासून आलेले शब्द आहेत. जे दफन झाले आहे, ते उकरताना हात थोडा थरथरायला हवा, एवढे तरी हा शब्द शिकवतो.

कायदाही तेच सांगतो. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत दहा रुपयांहून जास्त किमतीचे काही सापडले, तर ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. लपवले तर वाटा जातो आणि तुरुंगवासही होऊ शकतो. संरक्षित स्थळी परवान्याशिवाय खोदता येत नाही. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने शंभर वर्षांपूर्वीच्या वस्तू देशाबाहेर नेण्याचा अधिकार खासगी माणसाला ठेवलेला नाही.

पण कायद्याहून मोठे कारण मातीच्या थरांत आहे. वर बहामनी तांब्याचे नाणे, त्याखाली राख, त्याखाली सातवाहनांचे शिशाचे नाणे, शेजारी मणी आणि चूल. हा क्रम म्हणजेच इतिहास. आवाज आला म्हणून खड्डा पाडून नाणे उचलले, की नाणे हाती येते आणि मधली हजार-दीड हजार वर्षे विस्कटून जातात. मग ते नाणे कोणाच्या घरात होते, कोणत्या काळात पडले, हे कोणालाच सांगता येत नाही. इंग्लंडातही यावर उपाय म्हणून १९९७ पासून अशा वस्तूंची जागेसकट नोंद करण्याची योजना सुरू झाली आणि दहा लाखांहून अधिक वस्तू नोंदल्या गेल्या. आपल्याकडे निदान इतके करता येईल: विहीर खणताना, घराचा पाया काढताना काही दिसले, तर हात थांबवावा, जागा लक्षात ठेवावी आणि तलाठ्याला किंवा संग्रहालयाला कळवावे.

तेर हे संत गोरोबाकाकांचे गाव. त्यांनी थापटण्याने संतांची डोकी थापटून कोणते मडके पक्के आणि कोणते कच्चे हे ओळखले, अशी कथा आहे. मातीवर हात ठेवून तिचा आवाज ऐकणारा असा कान याच गावात होऊन गेला. त्याला ना बॅटरी लागत होती, ना हेडफोन.