वाणी, तार आणि थिन क्लायंट : खानदेशातील दूरसंवादाविषयी एक विचार

दूरसंवादाचा इतिहास लिहिताना शोधांचा कालक्रम देण्याची प्रथा आहे : प्रथम तारयंत्र, मग दूरध्वनी, त्यानंतर इंटरनेट. हा क्रम चुकीचा नाही; परंतु त्याच्या आड एक मूलभूत प्रश्न झाकला जातो. संदेश घडविण्यास व पोहोचविण्यास जी बुद्धी लागते ती कोठे असावी, बोलणाऱ्याच्या हाताशी की दूरच्या मध्यवर्ती केंद्रात? प्रस्तुत लेखात हा प्रश्न खानदेशाच्या संदर्भात तपासावयाचा आहे. १९०६ साली पूर्व व पश्चिम असा विभागला गेलेला हा प्रदेश आज जळगाव, धुळे व नंदुरबार ह्या तीन जिल्ह्यांत मोडतो. विवेचनास निमित्त आहे एका अलीकडच्या अडचणीचे : अल्प साठवणीच्या ‘थिन क्लायंट’ संगणकावर इंटरनेट-दूरध्वनीची आज्ञावली चालविणे. ही अडचण वरवर पाहता तांत्रिक व किरकोळ वाटते. तिच्या मुळाशी मात्र दीडशे वर्षांचा एक जुना पेच आहे.

१

भुसावळहून नागपूरकडे जाणारा लोहमार्ग १८६७ मध्ये खुला झाला, आणि १८७० मध्ये जबलपूर येथे मुंबई व कलकत्ता ह्यांच्या मार्गांची सांधणी पूर्ण झाली. तेव्हापासून भुसावळ हे गाड्यांचे जसे, तसेच संदेशांचेही जंक्शन बनले. कारण रुळांच्या कडेने तारेचे खांब चालत. तारेच्या पद्धतीत मधली वाहिनी मुकी होती. वीज वाहते किंवा खंडित होते, एवढेच तिला ठाऊक. अक्षरांचे संकेतांत व संकेतांचे पुन्हा अक्षरांत रूपांतर करणारी बुद्धी दोन्ही टोकांच्या तारमास्तरांच्या बोटांत व कानांत वसत असे. ज्या गावी तारमास्तर नाही त्या गावी तार नाही, हा ह्या व्यवस्थेचा अपरिहार्य नियम होय. देशातील सार्वजनिक तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. नियम मात्र तिच्याबरोबर संपला नाही, हे पुढे दिसेल.

२

दूरध्वनीने हे नाते उलटे केले. मुंबईत १८८२ मध्ये दूरध्वनी केंद्र सुरू झाले व पुढे ही व्यवस्था जिल्ह्याच्या गावांपर्यंत पसरली. घरातील उपकरण अत्यंत साधे : बोलण्याचा भाग, ऐकण्याचा भाग व घंटा. कोणाची तार कोणाशी जोडावयाची हे केंद्रातील ऑपरेटर व नंतर स्वयंचलित यंत्रे ठरवीत. मध्यवर्ती बॅटरीची पद्धत आल्यावर उपकरणास लागणारी वीजदेखील केंद्राकडूनच तारेवाटे येऊ लागली. गावातील दिवे गेले तरी दूरध्वनी चालू राही, त्याचे कारण हेच. जळगावचा कापूस किंवा रावेर-यावलची केळी दूरच्या बाजारांत पाठविणाऱ्या व्यापाऱ्यास कोणतेही प्रशिक्षण घ्यावे लागत नसे. ट्रंक कॉल नोंदवावयाचा व वाट पाहावयाची. वाट पाहणे ही बुद्धी दुसऱ्याच्या हाती असण्याची किंमत होती.

१९६० साली कानपूर-लखनौ ह्या मार्गावर थेट दूरध्वनीची सोय झाली. १९८४ मध्ये सी-डॉट ही संस्था स्थापन झाली व तिने ग्रामीण भागासाठी लहान स्वयंचलित केंद्र घडविले. वातानुकूलनावाचून ते चालावे, ही त्या रचनेतील महत्त्वाची अट होती. ज्या प्रदेशात उन्हाळ्याचा पारा पंचेचाळीस अंशांच्या आसपास जातो त्या खानदेशासारख्या प्रदेशाला ह्या अटीचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. बुद्धी केंद्रातच राहिली. फक्त केंद्र गावाच्या जवळ आले.

३

१९९५ हे वर्ष दोन कारणांनी लक्षात ठेवण्याजोगे आहे. त्या वर्षाच्या फेब्रुवारीत व्होकलटेक ह्या इस्रायली कंपनीने इंटरनेटवरून बोलण्याची आज्ञावली बाजारात आणली, आणि १५ ऑगस्ट रोजी विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. इंटरनेटच्या रचनेमागील तत्त्व सॉल्त्झर, रीड व क्लार्क ह्या तिघांनी १९८० च्या दशकात स्पष्ट मांडले होते : जाळे शक्य तितके साधे ठेवावे व विशेष कार्ये टोकांवरील संगणकांनी करावीत. म्हणजे तारेच्या काळातील व्यवस्थाच, पण तारमास्तराच्या जागी आज्ञावली.

ह्या नव्या तारमास्तराचे काम हलके नव्हते. ध्वनीचे अंकांत रूपांतर करणे, ते अंक आवळणे, त्यांची लहान लहान पाकिटे करणे, आणि उलट बाजूने आलेली, क्रम बिघडलेली पाकिटे जुळवून वेळेवर वाजविणे, हे सर्व त्याने करावयाचे. जी.७११ ह्या जुन्या पद्धतीत ध्वनीस सेकंदाला ६४,००० बिट लागतात. दर २० मिलिसेकंदांना एक पाकीट धरल्यास प्रत्येक पाकिटात ध्वनीचे १६० बाइट व पत्त्यादी मजकुराचे ४० बाइट असतात. म्हणजे एकूण ८०,००० बिट. जी.७२९ ह्या पद्धतीत हाच ध्वनी २० बाइटांत बसतो व एकूण मागणी २४,००० बिटांवर येते. साध्या मोडेमच्या तारेवरून पहिली पद्धत जाऊ शकत नाही, दुसरी जाऊ शकते. परंतु आवळण्यास गणनशक्ती लागते. तार अरुंद असेल तर टोक हुशार हवे. टोक मंद असेल तर तार रुंद हवी.

कायद्याचाही अडसर होता. १९९८ च्या धोरणाने इंटरनेट-दूरध्वनीस मनाई केली होती. १ एप्रिल २००२ पासून संगणकावरून संगणकाशी, तसेच परदेशातील दूरध्वनीशी बोलण्यास अनुमती मिळाली. देशातील साध्या दूरध्वनीशी ह्या मार्गाने बोलण्याचा प्रश्न २०१८ पर्यंत लांबला.

४

ह्याच सुमारास थिन क्लायंट यंत्रे प्रचारात आली होती. थिन क्लायंट म्हणजे स्वतः फारसे काही न करणारा संगणक : कळफलक व पडदा वापरणाऱ्यासमोर, सर्व आज्ञावल्या मात्र दूरच्या सर्व्हरवर. आत फिरती तबकडी नाही, बहुधा पंखाही नाही; काही मेगाबाइटांपासून एखाद्या गिगाबाइटपर्यंतची फ्लॅश स्मृती तेवढी असे. धूळ व उष्णता ह्यांच्या प्रदेशात आणि अल्प खर्चात काम भागवू पाहणाऱ्या महाविद्यालयांस व पतपेढ्यांस असे यंत्र सोयीचे ठरावे, हे उघड आहे. तत्त्वतः ते जुन्या दूरध्वनीचेच भावंड होय.

पेच येथे उत्पन्न होतो. इंटरनेट-दूरध्वनीस हुशार टोक हवे, आणि थिन क्लायंट हे तर मुद्दाम अल्पबुद्धी केलेले टोक. आज्ञावली सर्व्हरवर ठेवली तर आवाजाला दुप्पट प्रवास घडतो. धुळ्यातील यंत्र व मुंबईतील सर्व्हर अशी कल्पना केली, तर धुळ्याचा माणूस जळगावच्या माणसाशी मुंबईमार्गे बोलणार. एका दिशेचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असावा, असे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेचे मार्गदर्शन आहे. त्यापुढे बोलणारे एकमेकांच्या शब्दांवर आदळू लागतात.

याहून उद्बोधक गोष्ट निराळी आहे. मायक्रोसॉफ्टच्या दूर-पडदा प्रोटोकॉलमध्ये सर्व्हरचा ध्वनी वापरणाऱ्याच्या कानापर्यंत आणण्याची सोय २००१ मध्ये झाली. वापरणाऱ्याचा आवाज उलट सर्व्हरकडे नेण्याची सोय मूळ प्रोटोकॉलमध्ये येण्यास २००९ उजाडले. आठ वर्षे ह्या यंत्रास कान होते, मुख नव्हते. ह्यामागे कोणाचा दुष्ट हेतू शोधण्याचे कारण नाही. परंतु केंद्रात बसून रचना करणाऱ्यास टोकावरील मनुष्य प्रथम श्रोता म्हणून दिसतो, वक्ता म्हणून नंतर, हे त्यातून प्रत्ययास येते.

दुसरा मार्ग आज्ञावली यंत्रातच बसविण्याचा. तेथे साठवण आडवी येई. शिवाय विंडोजच्या अंतःस्थापित आवृत्तीवर चालणाऱ्या अनेक थिन क्लायंटांवर लेखन-गाळणी नावाची व्यवस्था असे : फ्लॅश स्मृती झिजू नये म्हणून वापरणाऱ्याने केलेले बदल तात्पुरत्या स्मृतीत ठेवले जात, व यंत्र पुन्हा सुरू करताच नाहीसे होत. सायंकाळी बसविलेला दूरध्वनी सकाळी नसे. व्यवस्थापकाने गाळणी उठवून, आज्ञावली बसवून, ती पुन्हा लावली तरच बदल टिके. लिनक्सवरील एलटीएसपी ह्या प्रकल्पाने सुटसुटीत तोड काढली : यंत्र सर्व्हरकडूनच सुरू व्हावे, पण निवडक आज्ञावल्या मात्र त्याच्या स्वतःच्या गणकात चालाव्यात.

५

उत्तराची दिशा ह्या तोडीतच आहे. एसआयपी ह्या प्रोटोकॉलने संभाषणाची जुळणी व प्रत्यक्ष आवाज ह्यांचे मार्ग प्रारंभापासूनच वेगळे मानले होते. कोण कोठे आहे हे केंद्राने सांगावे. गाठ पडल्यावर आवाजाने शक्य तेथे सरळ जावे. पुढे दूर-पडद्याच्या व्यवस्थांनीही हाच विभाग स्वीकारला : खिडकी सर्व्हरवर, ध्वनीचे काम टोकावर. वेबआरटीसी हे जानेवारी २०२१ मध्ये मान्य झालेले मानक तर ध्वनीची ही सामग्री न्याहाळकातच देते, त्यामुळे वेगळी आज्ञावली साठविण्याचे कारण बऱ्याच अंशी उरत नाही.

आता ह्या प्रदेशात बोलण्याचे मुख्य साधन भ्रमणध्वनी आहे आणि थिन क्लायंटचा प्रश्न कोणास शिळा वाटेल. तथापि पेच शिळा झालेला नाही. बुद्धी पुन्हा दूरच्या सर्व्हरांकडे जात आहे व हातातील यंत्र पुन्हा पडदा बनत आहे. तेव्हा प्रत्येक नव्या व्यवस्थेस अभ्यासकाने दोन प्रश्न विचारावेत : टोकावरील मनुष्यास ऐकू येते काय, आणि त्याचे ऐकले जाते काय? पहिल्या प्रश्नाचे उत्तर बहुधा लवकर मिळते. दुसऱ्यासाठी थिन क्लायंटला आठ वर्षे थांबावे लागले, ही नोंद इतिहासाने जपून ठेवावी.