मूत्रपिंड थांबते तेव्हा : शुश्रूषेचा थोडा इतिहास

कृत्रिम मूत्रपिंडाची गोष्ट सांगताना आपण सहसा यंत्रापासून सुरुवात करतो. हॉलंडमधील काम्पेन गावी विलेम कोल्फ या तरुण डॉक्टराने दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत ते बनवले. लाकडी पट्ट्यांचे फिरते पिंप, त्यावर गुंडाळलेली सेलोफेनची नळी आणि खाली क्षारद्रावणाची टाकी. नळीतून रक्त फिरे. युरियाचे छोटे रेणू सेलोफेनमधून द्रावणात उतरत. रक्तपेशी व प्रथिने आतच राहत. पहिले बहुतेक रुग्ण दगावले. सप्टेंबर १९४५ मध्ये मात्र ६७ वर्षांची एक बेशुद्ध स्त्री साडेअकरा तासांच्या अपोहनानंतर (डायलिसिसनंतर) शुद्धीवर आली.

यंत्राने तिचे मूत्रपिंड बरे केले नव्हते. तीव्र, म्हणजे अचानक उद्भवलेल्या बिघाडात मूत्रपिंड पुष्कळदा काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी आपोआप सावरते. तोवर रुग्ण जगला पाहिजे, एवढाच प्रश्न असतो. म्हणूनच पुढची घटना आम्हाला यंत्राइतकीच महत्त्वाची वाटते, जरी पाठ्यपुस्तकांत ती क्वचितच सापडते.

लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात कोल्फचे यंत्र वापरून पाहण्यात आले होते. तिथल्याच बुल, जोक्स आणि लोव या डॉक्टरांनी १९४९ मध्ये यंत्राविना उपचाराची पद्धत प्रसिद्ध केली. नाकातून जठरात सोडलेल्या बारीक नळीने दिवसाला सुमारे एक लिटर पाणी, त्यात ४०० ग्रॅम ग्लुकोज आणि १०० ग्रॅम शेंगदाण्याचे तेल! प्रथिने अजिबात नाहीत. शरीराला इंधन मिळाले नाही तर ते स्वतःचीच प्रथिने जाळते आणि त्यातून युरिया तयार होतो. ग्लुकोज व तेल देऊन ते टाळायचे. पाणी मोजून, कारण लघवी बंद असता ते बाहेर पडायला त्वचा आणि श्वास एवढेच मार्ग उरतात. जास्त झालेले पाणी फुप्फुसांत साठते आणि रुग्ण अक्षरशः आतून बुडतो.

हा उपचार दिवसरात्र पार पाडायचा तो परिचारिकेने. पुढे रूढ झालेला ढोबळ नियम असा : आदल्या दिवशीची लघवी अधिक सुमारे ५०० मि.ली., एवढेच द्रव. रोज त्याच काट्यावर वजन. एका दिवसात एक किलो वाढले तर ते मांस नव्हे, एक लिटर पाणी. तहानलेल्या माणसाला पाणी नाकारणे किती कठीण असते, हे मात्र कोणत्याही तक्त्यात लिहिलेले नसते.

जीर्ण विकारात मूत्रपिंड सावरतच नाही. अपोहन जन्मभर हवे आणि दर वेळी नवी रोहिणी व नीला उघडावी लागे. काही खेपांत जागाच संपत. मार्च १९६० मध्ये सिएटल येथे बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी क्लाइड शील्ड्स या रुग्णाच्या हातात टेफ्लॉनच्या नळ्या कायमच्या बसवल्या. शील्ड्स त्यानंतर अकरा वर्षे जगले.

१९६२ मध्ये तिथे स्वतंत्र केंद्र निघाले. खाटा इतक्या कमी, की कोणाला घ्यायचे हे नागरिकांची एक समिती ठरवी. नाकारलेल्यांचा मृत्यू अटळ होता. अमेरिकेत ही कोंडी फुटली ती १९७२ च्या कायद्याने, सरकारने खर्च उचलला तेव्हा. केंद्रातली यंत्रे हळूहळू परिचारिकांच्या हाती आली. हाताबाहेरच्या पारदर्शक नळीत रक्त एकसारखे लाल दिसते की पिवळसर द्रव वेगळा होऊन गुठळी धरते आहे, हे त्या पाहत. नळी निसटली तर रक्तस्राव काही मिनिटांत जीव घेई; म्हणून दोन चिमटे सदैव जवळ ठेवलेले.

१९६६ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रेशिया, चिमिनो प्रभृतींनी रोहिणी त्वचेखालीच नीलेला जोडण्याची शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली आणि बाहेरची नळी मागे पडली. त्या जोडावर बोटे ठेवली की मांजराच्या गुरगुरीसारखी थरथर लागते. ती थांबली, तर मार्ग बंद होतो आहे. त्या हातावर रक्तदाब मोजायचा नाही, रक्तही काढायचे नाही. रुग्ण रोज सकाळी घरी ती थरथर चाचपतो. कशी ओळखायची ते त्याला बहुधा परिचारिकेनेच शिकवलेले असते.