‘बॅरल’ची ‘व्हाली’ कशी झाली

समुद्राच्या संवर्धनात काम करायचं तर काय काय यायला हवं, असा प्रश्न तरुण मुलं-मुली हमखास विचारतात. जीवशास्त्र, डायव्हिंग, नकाशे, आकडेवारी, कायदा ही यादी तुम्हालाही माहीत असेल, ती मी वाचून दाखवणार नाही. त्याऐवजी सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर घडलेला इतिहास सांगतो. यादीत नसलेल्या गोष्टी त्यात सापडतात.

व्हेल शार्क हा जगातला सगळ्यात मोठा मासा. मुशी-मोरीच्याच कुळातला, पण तोंड उघडून पाणी गाळायचं आणि प्लवक खायचे, असा याचा स्वभाव. माणसाला त्याचा काही त्रास नाही. वेरावळ, सुत्रापाडा, धामळेज या भागात तो दरवर्षी येतो. पूर्वी त्याच्या यकृताचं तेल काढायचे आणि लाकडी होड्यांना चोपडायचे, म्हणजे पाणी आत मुरत नाही. एवढ्यासाठी लागायचे ते थोडेच. १९९०च्या दशकात मात्र परदेशातून मांसाला मागणी आली आणि शिकारीचा धंदा झाला. माशाला लोखंडी गळ मारायचा, दोराला रिकामी पिंपं बांधायची. पिंपांमुळे त्याला खोल बुडी मारता येत नाही. दमला की ओढून आणायचा. म्हणून तिथं त्याचं नावच पडलं ‘बॅरल’. ज्याला हत्याराच्या नावानं हाक मारतात, त्याच्याबद्दल ममता कुठून येणार?

२००० साली माइक पांडे यांचा ‘शोअर्स ऑफ सायलेन्स’ हा माहितीपट आला. त्यात ही कत्तल देशानं पाहिली. पुढच्याच वर्षी व्हेल शार्क वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत गेला, म्हणजे थेट वाघाच्या पंगतीत. हा मान मिळालेला भारतातला तो पहिला मासा. दिल्लीच्या दृष्टीनं काम झालं होतं. पण किनाऱ्यावर विचारपूस केली तर बहुतेकांना ही बंदी ठाऊकच नव्हती! आणि ज्यांना ठाऊक होती त्यांची अडचण वेगळी. शिकार करायची नाही हे ठीक. पण दुसऱ्या मासळीसाठी टाकलेल्या जाळ्यात तो आपणहून गुरफटला, तर काय करायचं? जाळं कापावं तर ते कर्जावर घेतलेलं. न कापावं तर तुरुंग.

इथून पुढचं काम वेगळ्या जातीचं आहे. २००४ मध्ये वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडिया, गुजरातचं वनखातं आणि टाटा केमिकल्स यांनी मिळून मोहीम काढली. मोरारीबापूंना तिचा चेहरा केलं. बापूंनी खारवा-कोळी समाजापुढे प्लवक, अन्नसाखळी वगैरे काही काढलं नाही. ते म्हणाले, ही आपली लेक आहे, बाळंतपणाला माहेरी आली आहे. ‘बॅरल’ची ‘व्हाली’ झाली, व्हाली म्हणजे लाडकी. आपल्याकडेही पहिलं बाळंतपण माहेरी करतात, त्यामुळे हे तुम्हाला समजावून सांगायला नको. गावोगाव पथनाट्यं झाली, खऱ्या आकाराचा फुगवलेला व्हेल शार्क फिरवला.

कोणी म्हणेल, हे भावनेला हात घालणं झालं, आणि व्हेल शार्क इथं पिलं घालायलाच येतो याला पुरावा काय? आक्षेप रास्त आहे. व्हेल शार्क जिवंत पिलांना जन्म देतो एवढं नक्की, पण सौराष्ट्राला ‘माहेर’ म्हणावं इतका भक्कम पुरावा तेव्हा हाताशी नव्हता. तरीही माझं मत बापूंच्या बाजूनं आहे. शास्त्रज्ञाला आपलं वाक्य कुणाच्या तोंडून, कुठल्या शब्दांत जावं हे कळणं, हेही कौशल्यच. फक्त रूपकावर थांबू नये. तिथं थांबले नाहीत. २०११ मध्ये एका व्हेल शार्कला उपग्रह टॅगही लावला.

दुसरी गोष्ट पैशाची. कापलेल्या जाळ्याला भरपाई देण्याची सोय झाली. पण सुरुवातीला अधिकारी जागेवर येऊन जाळ्यातला मासा बघणार, मग सुटका, मग कागद. तोवर कित्येक तास मासा अडकलेला आणि तांडेलाचा दिवस वाया. मग कुणीतरी डोकं चालवलं आणि मच्छिमारांच्याच हातात कॅमेरे दिले. फोटो काढा, जाळं कापा, सोडून द्या, फोटो दाखवा. किनाऱ्यावरच्या माणसाच्या शब्दावर सरकारी खात्यानं विश्वास ठेवायचा, हा बदल मला त्या कॅमेऱ्यापेक्षा मोठा वाटतो. त्या किनाऱ्यावर आजवर सातशेहून जास्त व्हेल शार्क सुटले, तेही मासे मारणाऱ्यांच्याच हातून.

आता आपला किनारा बघा. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती १९८७ मध्ये सागरी अभयारण्य जाहीर झालं, जेमतेम २९ चौरस किलोमीटरचं. प्रवाळ आहेत, जागा मोलाची, शास्त्र बरोबरच होतं. पण रापण ओढणाऱ्यांना वाटलं की आपला समुद्र गेला. वर्षानुवर्षं विरोध झाला. तिथं कागद आधी गेला आणि माणूस नंतर, असं माझं वाचन आहे.

पुढे महाराष्ट्रानं सौराष्ट्राकडून धडा घेतला. २०१२ मध्ये वनखात्यात कांदळवन कक्ष सुरू झाला आणि २०१८ च्या अखेरीस जाळ्यांच्या भरपाईची योजना आली. कासव, डॉल्फिन, व्हेल शार्क असा संरक्षित प्राणी जाळं कापून सोडला की फोटोच्या पुराव्यावर २५ हजार रुपयांपर्यंत रक्कम मिळते. योजना चांगली आहे. पण भरपाई मिळते ती जाळ्याची. त्या दिवशी हातची गेलेली मासळी, जाळलेलं डिझेल आणि खलाशांची मजुरी तांडेलाच्याच वहीत राहते.