राजांच्या शिकारी जमिनी आणि पाखरांचा हक्क

आपल्या पंचगंगेस मिळणारी भोगावती राधानगरीपाशी अडवून शेतीला पाणी द्यावे, ही राजर्षी शाहू महाराजांची योजना. १९२२ साली महाराज निवर्तले. धरण त्यानंतर बऱ्याच वर्षांनी पुरे झाले. धरणाच्या वरच्या अंगाचे दाजीपूरचे रान ही करवीरच्या राजघराण्याची शिकारीची राखीव जागा होती. १९४९ साली संस्थान विलीन झाले आणि १९५८ साली हे रान गव्यांचे अभयारण्य ठरले. गव्यांच्या आश्रयाने पाखरांचीही सोय झाली. धनेश व शीळकरी कस्तुर तेथे आजही आढळतात.

अशा जागा राजांच्या हातून सुटून पाखरांच्या झाल्या, त्यात एका मुंबईकराचा मोठा वाटा आहे. डॉ. सालिम अली (१८९६ ते १९८७) हे सुलेमानी बोहरा घराण्यातले. लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने मारलेली पिवळ्या गळ्याची चिमणी कोणत्या जातीची, हे विचारायला ते बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत गेले आणि कायमचे त्या विद्येचे झाले. पदवी नसल्याने सरकारी प्राणिशास्त्र खात्यातली नोकरी त्यांना मिळाली नाही, हे आपल्या विद्यार्थ्यांना ठाऊक असावे.

म्हैसूरच्या राजांनी १६४८ च्या सुमारास कावेरीवर बंधारा घातला होता. त्याने तयार झालेल्या बेटांवर करकोचे व बगळे घरटी करीत. सालिम अलींनी ते पाहून वडियार महाराजांना गळ घातली आणि १९४० साली रंगनतिट्टू अभयारण्य झाले. शब्द टाकणारा जाणकार आणि ऐकणारा मालक, दोघेही भेटले म्हणून हे साधले!

भरतपूरची गोष्ट इतकी सरळ नाही. तेथील महाराजांच्या पाणथळीत १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या मेजवानीत एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले गेले. योगायोग असा की तो सालिम अलींचा बेचाळिसावा वाढदिवस. पुढे तेथे अभयारण्य झाले, तरी महाराजांचा शिकारीचा हक्क १९७२ पर्यंत टिकला. गावकऱ्यांच्या म्हशींची चराई मात्र १९८२ साली एका हुकुमाने बंद झाली. विरोध करणाऱ्यांवर गोळीबार होऊन माणसे मेली. चराई थांबावी असे सालिम अलींसारख्या जाणकारांचेही मत होते. पण त्यांच्याच सोसायटीच्या दीर्घ अभ्यासातून पुढे दिसले की, म्हशी गेल्यावर गवत माजले, पाणी झाकले गेले आणि पाणपक्ष्यांचेच नुकसान झाले.

राजाने दिलेल्या जमिनीवर गुराख्याचाही पिढीजात वहिवाटीचा वाटा असतो. तो दानपत्रात लिहिलेला नसतो, एवढेच. राधानगरीचे अभयारण्य १९८५ साली वाढवून ३५१ चौरस किलोमीटर करण्यात आले. त्या हद्दीत वाड्यावस्त्याही आहेत आणि त्यांची गुरेही.