वाटणीआधीची मोजणी : कृष्णेचं पाणी आणि आटपाडी

मंडळी, वाद कोर्टात असताना तडजोडीला बसायचं तर आधी तयारी कशाची करावी? आटपाडीत बोलतो आहोत, तेव्हा उदाहरण पाण्याचंच घेऊ.

जुलै १९५१ मध्ये नियोजन आयोगाने बोलावलेल्या बैठकीत कृष्णेच्या पाण्याची वाटणी ठरली. म्हैसूरने मात्र ती मान्य केली नाही. पुढे १९५६ ला भाषावार प्रांतरचना झाली, राज्यांच्या हद्दीच बदलल्या आणि ती वाटणी वादात सापडली. त्याच वर्षी कायदा आला : बोलणी करून वाद मिटत नाही अशी केंद्राची खात्री झाली, तर लवाद नेमायचा. त्यानुसार एप्रिल १९६९ मध्ये बच्छावत लवाद आला.

तिथे महाराष्ट्र, म्हैसूर आणि आंध्र यांच्या मागण्यांची बेरीज नदीतल्या पाण्यापेक्षा कितीतरी जास्त झाली. मग वाट कशी निघाली? तर वाटे पडण्याआधी तिघांनी एक आकडा मान्य केला. शंभरातल्या ७५ वर्षी भरवशाने मिळणारं पाणी २०६० टीएमसी धरायचं. लवादाच्या निवाड्यात त्यातून महाराष्ट्राला ५६०, कर्नाटकाला ७०० आणि आंध्रला ८०० टीएमसी आलं. आपल्या भावकीत तरी वेगळं काय होतं? आधी मोजणी, मग वाटे. मोजणीच मान्य नसेल तर बांधाचं भांडण नातवापर्यंत जातं.

पण दुसरी तयारी राहून गेली. राज्याला ५६० टीएमसी मिळालं, त्यातलं माणदेशाला किती? १९९३ पासून क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडींनी आटपाडीत पाणी परिषद भरवली, तेरा दुष्काळी तालुके एकत्र आले, ते याच प्रश्नावर. निवाड्याचा फेरविचार ३१ मे २००० नंतर होऊ शकणार होता. तोवर हक्काचं पाणी वापरात आलं नाही तर आपली बाजू लंगडी पडेल, ही धास्ती खरी होती. परिषदेची मागणी नुसतं ‘पाणी द्या’ एवढीच नव्हती. आलेलं पाणी समन्यायाने वाटा, भूमिहीनालाही त्यात हक्क द्या, असं ती म्हणत होती.

म्हणून आम्हाला वाटतं, समोरच्याशी बोलण्याआधी दोन गोष्टी पक्क्या हव्यात. वाटायचं आहे ते नेमकं किती, हे दोघांनाही मान्य असावं. आणि मिळालेला वाटा आपल्यात कसा वाटणार, हे घरात आधीच ठरलेलं असावं. ते ठरलं नसेल, तर बैठकीत जिंकलेलं पाणी गावात भांडण घेऊनच येतं.