कर्मचाऱ्याने नियम मोडून ग्राहकाला बुडवलं, तर भरपाई कोण देणार?

समजा, तेलगावच्या एका शेतकऱ्याने सुंदरराव सोळंके सहकारी साखर कारखान्याला ऊस घातला. बिल बँक खात्यात जमा झालं आणि त्यातली रक्कम बँकेच्याच कर्मचाऱ्याने लांबवली. बँक म्हणते, 'त्याने आमचे नियम मोडले, आम्ही त्याला काढून टाकलं.' एवढ्यावर विषय संपतो का? नाही.

कायदा काय सांगतो?
नेमून दिलेलं काम करताना कर्मचाऱ्याने ग्राहकाचं नुकसान केलं, तर मालकही जबाबदार असतो. याला 'व्हायकेरियस लायबिलिटी' म्हणतात. कंपनीचे नियम कंपनी आणि कर्मचारी यांच्यातले असतात. ते मोडल्याचा फटका ग्राहकाने का सोसायचा?

हे तत्त्व जुनं आहे. लंडनमधल्या घोड्यांच्या बसच्या ड्रायव्हरांना शर्यत लावायला सक्त मनाई होती. तरी एकाने दुसऱ्या बसला आडवं जाऊन ती उलटवली. 1862 मध्ये कोर्टाने कंपनीलाच जबाबदार धरलं.

भारतात काय झालं?
लखनौच्या एका ग्राहकाची किसान विकास पत्रं एजंटने परस्पर वटवली. 20 हजारांवरची रक्कम चेकने द्यायचा नियम असताना पोस्टाने लाखो रुपये रोख दिले. 2022 मध्ये सुप्रीम कोर्टाने कर्मचाऱ्याच्या या कृत्यासाठी पोस्ट खात्याला जबाबदार धरलं.

मालक कधी सुटतो?
व्यवहार खासगी असेल तेव्हा. अलाहाबादमध्ये एका खातेदार महिलेच्या पतीने पैसे ओळखीच्या बँक कर्मचाऱ्याच्या हाती दिले, पावती घेतली नाही. कर्मचाऱ्याने ते हडपले. त्याने पैसे बँकेच्या कामात नव्हे, तर ओळखीपोटी घेतले होते, असं म्हणत 1978 मध्ये सुप्रीम कोर्टाने स्टेट बँकेला जबाबदारीतून मुक्त केलं.

तुम्ही काय कराल?
• पैसे काउंटरवरच भरा, शिक्क्याची पावती घ्या. 'घरी येऊन नेतो' म्हणणाऱ्या ओळखीच्या माणसाकडे देऊ नका.
• फसवणूक लक्षात येताच शाखेत लेखी तक्रार द्या, पोच घ्या.
• दाद मिळाली नाही, तर बीडच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जा. मुदत 2 वर्षांची आहे. माहितीसाठी ग्राहक हेल्पलाइन 1915.

थोडक्यात : 'कर्मचाऱ्याने नियम मोडला' हे उत्तर ग्राहकासाठी पुरेसं नाही. पण तो व्यवहार कंपनीच्या कामाचा होता, हे दाखवणारा कागद तुमच्याकडे हवा.